लॉजच्या रजिस्टरात मूल कुठे लिहितात?

हल्ली आमच्याकडे लग्न असो, बारसं असो नाहीतर कुणाचं दहावं असो, जेवणाची पंगत उठेपर्यंत विषय हॉटेलांवर येतोच. कुणाच्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर कोण हॉटेल काढतंय, कुणी चार मजली बिल्डिंग अख्खीच्या अख्खी लॉजवाल्याला दिली, डिपॉझिट किती घेतलं, भाडं दरवर्षी किती वाढणार... यंदा भाताचं कसं झालं, हे आता कुणी विचारत नाही. भात राहिलाय कुठे म्हणा!

ज्यांना आमचं गाव माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ओवे म्हणजे पनवेल तालुक्यातलं, खारघरला चिकटलेलं गाव. सिडको १९७० साली स्थापन झाली आणि आमच्या पट्ट्यातली शेती हळूहळू सेक्टरांमध्ये गेली. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झालं त्यात पाच माणसं पोलिसांच्या गोळीबारात गेली. साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळते ती त्या लढ्यामुळे. २०१६ साली पनवेल महापालिका झाली आणि ओवे तिच्यात गेलं. २०२३ च्या नोव्हेंबरात बेलापूर-पेंधर मेट्रो सुरू झाली. आणि आता विमानतळ. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं, २५ डिसेंबरपासून प्रवासी विमानं उडू लागली. पहिल्या टप्प्याचीच क्षमता वर्षाला २ कोटी प्रवाशांची आहे. हे सगळे लोक रात्री कुठेतरी झोपणार. त्यातले बरेचसे उलवे, पनवेल, कामोठे, खारघर याच भागात झोपणार हे सांगायला ज्योतिषी नको.

आधीच सांगून टाकतो, माझा हॉटेलांना विरोध नाही. ज्याच्या आजोबाची जमीन गेली त्याच्या नातवाला त्याच जमिनीच्या तुकड्यातून चार पैसे मिळत असतील तर बरंच आहे. शिवाय राहायला स्वस्त खोली मिळणं ही किती मोठी गोष्ट असते हे खारघरमध्ये राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. टाटा मेमोरियलचं कॅन्सर केंद्र इथेच आहे. कुठून कुठून माणसं उपचारासाठी येतात, आणि त्यात लहान मुलंही असतात. डोक्यावरचे केस गेलेलं, तोंडाला मास्क लावलेलं पोर आईच्या कडेवर आणि मागे पिशव्या सांभाळणारा बाप किंवा मामा. त्यांना एक स्वच्छ खोली देणारा लॉजवाला पुण्यच कमावतो.

पण हे सगळं बोलणं चालू असताना एक प्रश्न कुणी विचारत नाही. खोलीत जाणारं मूल कुणाचं आहे आणि कुणाबरोबर चाललंय, हे बघायचं काम कुणाचं?

हा प्रश्न डोक्यात आला तो एका करारामुळे. आमच्या नात्यातल्या एकाने बिल्डिंग लॉजसाठी द्यायची ठरवलीय. कराराचा मसुदा त्याने मला वाचायला दिला. ("तुझं मराठी-इंग्लिश दोन्ही बरं आहे" हे कारण.) चांगला जाडजूड मसुदा होता. पाण्याची मोटर जळाली तर खर्च कुणाचा, जिन्याला रंग कधी लावायचा, जनरेटर कुठे ठेवायचा, बोर्ड केवढा लावायचा, सगळं होतं. फायर एनओसी आणि महापालिकेचा परवाना कुणी काढायचा तेही होतं. तिथे येणाऱ्या माणसांबद्दल मात्र एकच वाक्य होतं: कायद्याला धरून धंदा करावा. झालं! ज्या इमारतीत वर्षाला हजारो अनोळखी माणसं रात्र काढणार, तिच्याबद्दल आपल्याला एवढंच म्हणायचं होतं.

आता लॉजवाले माणसांकडे बघत नाहीत असं नाही. बघतात, चांगले निरखून बघतात. पण कुणाकडे? तरण्याताठ्या जोडप्यांकडे. लग्न झालंय का, आडनाव एक आहे का, पत्ता इथलाच कसा, मंगळसूत्र दिसतंय का. २०१५ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत मढ-अक्सा भागातल्या हॉटेलांवर पोलिसांनी छापे घातले आणि चाळीसेक जोडप्यांना ठाण्यात नेलं. सज्ञान माणसं, स्वतःच्या ओळखपत्रावर खोली घेतलेली. वर्तमानपत्रांत बरीच ओरड झाली तेव्हा कुठे चौकशीची भाषा सुरू झाली. पुढे २०२५ च्या जानेवारीत ओयोने मेरठपासून नवा नियम आणला, अविवाहित जोडप्याला खोली नाकारायची मुभा हॉटेलवाल्याला दिली. त्यावर आठवडाभर टीव्हीवर चर्चा चालली. संस्कृती वगैरे सगळे शब्द येऊन गेले. मुलांच्या सुरक्षिततेचा शब्द त्या चर्चेत माझ्या तरी कानावर आला नाही.

आणि गंमत बघा (गंमत कसली...), त्याच मढ-मालाड पट्ट्यातल्या एका रिसॉर्टमधून २००० च्या डिसेंबरमध्ये पोलिसांनी उतारवयाच्या एका स्विस जोडप्याला अटक केली होती. मुंबईच्या रस्त्यावरच्या गरीब मुलांना आणून त्यांची अश्लील छायाचित्रं काढल्याचं ते प्रकरण. २००३ साली सत्र न्यायालयाने दोघांना सात-सात वर्षांची शिक्षा दिली. मी ही बातमी पुन्हा वाचली तेव्हा मला फक्त रिसॉर्टचं प्रवेशद्वार दिसत होतं. रिसॉर्ट म्हणजे फाटकावर रखवालदार, मग रिसेप्शन, मग खोल्या साफ करणारी माणसं. परदेशी पाहुणे आणि सोबत फाटक्या कपड्यांतली इथली मुलं, हे दृश्य एवढ्या डोळ्यांसमोरून गेलं असणार. पाहुणे वयस्कर, गोरे, नवरा-बायको. संशय कसा घ्यायचा? मंगळसूत्र शोधायची सवय लागलेल्या डोळ्याला मूल दिसत नाही ते असं.

पनवेलकरांना तर हे सगळं घरचंच. डान्सबार बंदीची सुरुवातच आमच्या जिल्ह्यातून झाली. २००५ च्या मार्चमध्ये पनवेलचे तेव्हाचे आमदार विवेक पाटील यांनी रायगडमधल्या बारचा प्रश्न विधानसभेत मांडला, आर. आर. आबांनी बंदीची घोषणा केली आणि ऑगस्टपर्यंत कायदाही झाला. बारमध्ये अल्पवयीन मुली आणल्या जातात, हेही बंदीच्या बाजूने सांगितलं जाणारं एक कारण होतं. पण कायद्यात तीन आणि त्याहून जास्त तारे असलेल्या हॉटेलांना सूट! म्हणजे तोच नाच हायवेवरच्या बारमध्ये झाला तर बिघडवणारा, आणि गालिच्यावर झाला तर चालणारा. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा भेदभाव मान्य केला नाही. पुढे २०१६ चा नवा कायदा, २०१९ चा नवा निकाल... ते चऱ्हाट अजून संपलेलं नाही. त्या बंदीने हजारो बायकांचा रोजगार गेला हे तर आहेच. मला बोचतं ते वेगळंच. मुलींचं नाव घेऊन सुरू झालेला वाद बघता बघता नाच, दारू आणि परवाने यांच्यावर गेला. हायवेवरच्या लॉजच्या मागच्या खोलीत पंधरा वर्षांची मुलगी आहे का, हा प्रश्न पुन्हा कुणी नीट विचारलाच नाही.

बरं, कायदा नाही म्हणावं तर तसंही नाही. पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. सगळ्यांना तो शिक्षेसाठी माहीत असतो. त्याची १९, २० आणि २१ ही कलमं मात्र हॉटेल काढणाऱ्याने आणि हॉटेलला जागा देणाऱ्याने भिंतीवर लावावीत अशी आहेत. मुलावर लैंगिक अत्याचार झालाय किंवा होण्याची भीती आहे असं कळलं, तर कुणीही असो, त्याने ते पोलिसांना कळवलंच पाहिजे. विसाव्या कलमात तर हॉटेल आणि लॉज ही नावं घेऊन लिहिलंय: मुलाच्या लैंगिक शोषणाचं काही साहित्य तिथल्या कर्मचाऱ्याच्या नजरेला आलं तर त्याने कळवायचं, मग तिथे दोन माणसं कामाला असोत की दोनशे. कळवलं नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद. संस्थेचा प्रमुख गप्प बसला तर त्याला वर्षापर्यंत. आणि प्रामाणिकपणे कळवलं आणि नंतर संशय खोटा निघाला, तर कळवणाऱ्यावर काही कारवाई होत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. हे शेवटचं वाक्य किती रिसेप्शनवाल्यांना कुणी सांगितलं असेल?

त्याहून जुना १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा. हॉटेलात असले प्रकार सापडले तर परवाना तीन महिने ते वर्षभर निलंबित होऊ शकतो, आणि त्यात अल्पवयीन मुलगा-मुलगी असेल तर परवाना रद्दच होऊ शकतो. आणि काका, हे तुमच्यासाठी (तुम्ही ब्लॉग वाचता हे मला ठाऊक आहे): जागा अशा कामासाठी वापरली जाणार आहे हे माहीत असून ती भाड्याने देणारा मालकही याच कायद्याने गुन्हेगार ठरतो. "मी फक्त भाडं घेतो, वर काय चालतं ते मला काय ठाऊक" हे आपण सहज बोलून जातो. खरंच ठाऊक नसेल तर ठीक. पण आपल्याच बिल्डिंगीबद्दल गावातल्या पोरासोरांना माहीत आणि मालकाला माहीत नाही, हे कुणाला पटेल?

शेजारच्या गोव्याने या बाबतीत आपल्याआधी पाऊल टाकलं. तिथे फ्रेडी पीट्स नावाचा माणूस अनाथ मुलांसाठी घर चालवत होता. १९९१ मध्ये त्याला अटक झाली, मुलांवरचे अत्याचार उघडकीला आले आणि १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. पर्यटनावर जगणाऱ्या त्या राज्याला ते प्रकरण फार झोंबलं. २००३ साली तिथे गोवा बाल कायदा झाला. त्यात मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी सरळ हॉटेलांवर टाकलीय. हॉटेलच्या आवारातच नाही, हॉटेलमधून वाट असलेल्या किनाऱ्यावर आणि बागेतसुद्धा. आणि एक साधा नियम आहे: कुटुंबाबरोबर किंवा नातेवाइकांबरोबर राहायला आलंय अशी नोंद असल्याशिवाय कुठलंही मूल हॉटेलच्या खोलीत जाऊ द्यायचं नाही. म्हणजे मुलाचं नाव रजिस्टरात हवं. मी आजवर ज्या लॉजांमध्ये उतरलो तिथे माझ्या मुलीची नोंद फक्त 'सोबत मुले - १' अशी झालीय. नाव नाही, वय नाही, नातं नाही. परदेशी पाहुणा उतरला तर त्याची माहिती २४ तासांत सरकारला जाते. आणि सोबतच्या मुलाचा नुसता आकडा!

आता कुणी म्हणेल, मोठ्या हॉटेलांत हे सगळं असतं. असेल. केंद्राच्या पर्यटन खात्याने १ जुलै २०१० ला सुरक्षित आणि सन्माननीय पर्यटनाची आचारसंहिता काढली, तारे मिळवणाऱ्या हॉटेलांना तिची शपथ घ्यावी लागते. पण तारे मागणं ऐच्छिक आहे. आमच्या गावठाणातल्या बारा खोल्यांच्या लॉजला तारे घेऊन काय करायचंय? त्याला मोबाइल अॅपवरची चांगली शेरेबाजी पुरते. म्हणजे जिथे खोली सर्वांत स्वस्त, पाहुणा तासाभरासाठीही येतो, आणि रात्री काउंटरवर परगावाहून आलेला एकोणीस वर्षांचा एकटा पोरगा असतो, तिथे ना शपथ ना प्रशिक्षण. त्या पोराला काही खटकलं तरी तो बोलणार नाही. नोकरी जाईल, शिवाय त्याची झोपायची जागाही त्याच लॉजच्या जिन्याखाली असते.

या पोरावरून आठवलं. हॉटेल आणि मूल म्हटलं की आपल्याला आधी आठवतो तो फडकं मारणारा पोऱ्या. १० ऑक्टोबर २००६ पासून हॉटेल, ढाबे, चहाच्या टपऱ्या, रिसॉर्ट यांत १४ वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायला बंदी आली. २०१६ च्या दुरुस्तीने ती जवळजवळ सगळ्याच कामांना लागली आणि शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं झाली. पण त्यात घरच्या धंद्यात शाळेनंतर मदत करायला सूट आहे, आणि १४ ते १८ च्या मुलांना धोकादायक नसलेलं काम करता येतं. हॉटेलातली रात्रपाळी 'धोकादायक नसलेल्या कामात' धरायची का, हे मला विचाराल तर नाही. सोळा वर्षांच्या मुलाला रात्री दोन वाजता दारू प्यायलेल्या पाहुण्याच्या खोलीत बर्फ घेऊन पाठवणं यात धोका नाही असं ज्याला वाटतं, त्याने स्वतःच्या मुलाला एकदा पाठवून बघावं.

या विषयावर बोललो की तीन उत्तरं ठरलेली.

पहिलं, "आम्ही काय पोलीस आहोत का?" नाही. पोलिसांचं काम कुणी सांगत नाहीये. १०९८ हा चाइल्डलाइनचा क्रमांक फिरवायला खाकी लागत नाही. हा क्रमांक १९९६ साली मुंबईतच सुरू झाला, आज सरकार चालवतं, आणि फुकट आहे. कॅलिफोर्नियात २०१८ साली कायदा झाला, त्यात हॉटेल कर्मचाऱ्यांना माणसांची तस्करी ओळखण्याचं किमान वीस मिनिटांचं प्रशिक्षण सक्तीचं केलं. वीस मिनिटं! आपल्याकडे एसीचा रिमोट कसा वापरायचा हे शिकवण्यात तेवढी जातात.

दुसरं, "खऱ्या कुटुंबांना त्रास होईल." हे उत्तर मी गंभीरपणे घेतो. कॅन्सरच्या उपचाराला आलेल्या भाचीसोबत मामा असेल, त्याच्याकडे तिचा जन्मदाखला नसेल, तर त्याला दारातून हाकलणं हा क्रूरपणा आहे. पण विचारणं म्हणजे हाकलणं नव्हे. नाव काय बाळा, कितवीत आहेस, हे कोण तुझे, आईला फोन लावून देऊ का, हे आपण एसटीत शेजारी बसलेल्या मुलालासुद्धा विचारतो. खरा मामा यावर रागावत नाही, उलट हॉस्पिटलची फाईल काढून दाखवतो. गडबड असते ती वेगळी दिसते. मुलाला सोबतच्या माणसाचं नाव सांगता येत नाही, सामान नसतं, तोच पाहुणा दर वेळी वेगळं मूल घेऊन येतो. अवघड प्रसंग येणार नाहीत असं मी म्हणत नाही. सतरा वर्षांची मुलगी आणि एकोणीस वर्षांचा मित्र खोली मागायला आले तर कायदा तिला मूलच मानतो. त्यांचा अपमान न करता, फोटो न काढता, खोली मिळणार नाही एवढं सांगता यायला हवं. तेही शिकवावं लागतं.

तिसरं उत्तर सर्वांत खरं आहे: "आम्ही विचारत बसलो तर गिऱ्हाईक शेजारच्या लॉजला जाईल." जाईल, अगदी बरोबर. म्हणून हे एकट्या-दुकट्याने करायचं काम नाही. आणि इथेच मला आमच्या गावांकडून आशा वाटते, कारण आमच्याकडे अजून गावकी आहे. पालखी कुठून जायची, जत्रेची वर्गणी किती, हळदीला खर्च किती करायचा, यावर गावकी बसते, भांडते आणि ठरवते. मग गावातल्या प्रत्येक लॉजच्या करारात तीन ओळी असल्याच पाहिजेत, हे गावकीने ठरवायला काय हरकत आहे? एक, खोलीत जाणाऱ्या प्रत्येक मुलाचं नाव, वय आणि सोबतच्या माणसाशी नातं रजिस्टरात लिहायचं. दोन, अठरा वर्षांखालच्या कुणालाही रात्रपाळीला ठेवायचं नाही, आणि कर्मचाऱ्याने १०९८ वर फोन केला म्हणून त्याला कामावरून काढायचं नाही. तीन, यातलं काही मोडलं तर मालकाला करार रद्द करता येईल. महापालिकेने हेच परवान्याच्या अटींत घातलं तर उत्तमच. पण महापालिकेची वाट बघायची आपल्याला सवय आहे, आणि ती वाट किती लांब असते हे पाण्याच्या लाइनीवरून सगळ्यांना माहीत आहे.

ज्याचा करार मी वाचला त्याला या तीन ओळी लिहून दिल्यात. लॉजवाल्याचं म्हणणं असं की आजवर कुठल्याच मालकाने असलं कलम मागितलं नाही. तो खोटं बोलत नसावा. आमचा गडी अजून विचार करतोय. भाड्याचा आकडा चांगला आहे, मुलीच्या शिक्षणाचा खर्च समोर आहे, आणि ही पार्टी गेली तर दुसरी कधी येईल सांगता येत नाही. मी त्याला दोष देत नाही.

येत्या बैठकीत हा विषय मांडणार आहे. "तू काय आम्हाला कायदा शिकवतो?" असं कुणीतरी म्हणणार, ते कोण म्हणणार हेही मला माहीत आहे. पण तुमच्यापैकी ज्यांची घरं ओवे, पेंधर, रोहिंजण, तळोजे या बाजूला आहेत आणि ज्यांच्याकडे लॉजवाल्यांचे फोन यायला लागलेत, त्यांनी सही करण्याआधी या तीन ओळी तेवढ्या मागून बघा. नकार आला तर का आला तेही विचारा. त्या उत्तरावरूनच आपल्या बिल्डिंगीत पुढे काय चालणार आहे याचा बराचसा अंदाज येईल.